बाहेरची कडी

अक्षताला तोंड फुटलं ते नववीत. त्याआधी ती हजेरीला "हजर" म्हणायची तेव्हा शेजारणीलासुद्धा संशय यायचा, की ही खरंच बोलली की नुसते ओठ हलले. मग एका पंधरा ऑगस्टला भाषण करणारी पोरगी ऐनवेळी तापानं फणफणली, कल्याण सरांनी दिसेल तिला माईकपुढं उभं केलं, आणि दिसली ती अक्षता. भोंग्यातून आपलाच आवाज पार वेशीपर्यंत जाऊन परत आपल्या कानावर येतो म्हणजे काय असतं, हे तिला त्या दिवशी कळलं. कळलं ते इतकं आवडलं, की त्यानंतर बाई थांबलीच नाही. एसटीच्या दारात उभी राहून "आधी उतरणाराला वाट द्या" म्हणत ती कुंभार पिंपळगावहून येणाऱ्या अख्ख्या बाजारकरूंना शिस्त लावायला लागली. तिचे पप्पा, तातेराव, गावाला नळाचं पाणी सोडायचं काम करायचे. ते म्हणायचे, व्हॉल्व्ह उघडला खरा, पण बंद करायची चावी कुठं पडली काय माहीत.

नसरीन तिच्याच बाकावर बसायची आणि सगळ्या बाबतीत तिच्या उलट. घरात उर्दू, पण मराठी अशी बोलायची की शब्द धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवल्यासारखे. अक्षता एका दमात दहा वाक्यं फेकायची, नसरीन एक वाक्य म्हणायची आणि थांबायची. त्या थांबण्यातच समोरचा गार व्हायचा. तिच्या अब्बांचं, अबुबकरचाचांचं, वेशीजवळ शिलाईचं दुकान होतं. शाळेचे गणवेश तिथंच शिवले जायचे. चाचा मशीनवर, आणि दारातल्या सतरंजीवर नसरीनचे आजोबा कमरोद्दीन, सगळ्या गावाचे कमरुबाबा, काजं करत बसलेले. गावातल्या कुठल्याही पोराच्या शर्टाचं बटण तुटेल, पण काज उसवलेलं कुणी बघितलं नव्हतं.

वादविवाद स्पर्धेची एक रीत असते. एका शाळेचा संघ दोघांचा. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरुद्ध, आणि दोघांचे गुण एकत्र धरून ढाल द्यायची. म्हणजे आपल्याच माणसाच्या विरुद्ध जोर लावून बोलायचं आणि तो आपल्याइतकाच चांगला बोलावा म्हणून मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसायचं. त्यावर कल्याण सरांची आणखी एक स्वतःची रीत होती. ते सांगायचे, आधी समोरच्याचं भाषण लिहा. त्याच्या तोंडात सगळ्यात चांगले मुद्दे तुम्हीच घाला, म्हणजे तुम्हाला झोप लागणार नाही. तेव्हा ह्या दोघींचं ठरूनच गेलं होतं. नसरीन जे बोलायची ते अक्षतानं लिहिलेलं असायचं आणि अक्षता जे बोलायची ते नसरीननं. शाळेत हे सरांशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची कुणाला गरजही नव्हती. ढाल येत होती ना.

दहावीच्या वर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त जालन्याला स्पर्धा ठरली. विषय आला, घटकराज्याला संघराज्यातून फुटून निघण्याचा हक्क असावा.

वाचल्या वाचल्या अक्षतानं विरुद्ध बाजूवर हात मारला. ती तिचीच होती. संविधानसभेत बाबासाहेबांनी सांगून ठेवलंय, हे संघराज्य घटकांच्या करारानं झालेलं नाही, म्हणून कुठल्या घटकाला फुटायचा हक्क नाही. हे वाक्य बोलायला मिळत असताना दुसरी बाजू कोण घेईल? शिवाय त्या बाजूला टाळ्या आयत्या होत्या, हेही तिला चांगलं ठाऊक होतं.

"मंग मला तीच उरली," नसरीन म्हणाली.

कल्याण सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. नसरीनला चालेल ना, असं त्यांनी विचारलं, आणि का विचारलं ते मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तोच अपमान झाला असता. नसरीन थांबली, तिच्या सवयीनं. अक्षताला मात्र थांबायची सवय नव्हती.

"सर, स्पर्धा हाय. तिला काय फरक पडतो? ती बिलकुल गार करील समोरच्याला."

सर बरं म्हणाले.

भाषण लिहायला अक्षताला एक संध्याकाळ पुरली. फुटून निघायची बाजू तिला पटत नव्हती, म्हणून तर तिनं ती जीव ओतून लिहिली. तिच्या घरात आत्या राहायची, दैवशाला. लग्न होऊन सासरी गेली आणि दोन पावसाळे काढून परत आली ती कायमची. नवरा कामाला निघताना बाहेरून कडी घालून जायचा. परत आल्यावर समाजातली मोठी माणसं ओसरीवर जमली, नांदायला जा म्हणाली, जोडलेलं तोडू नये म्हणाली. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की त्या घराला आतून कडी बसवून देणार का, तेवढं सांगा, मंग जाते. माणसं चहा पिऊन उठून गेली. अक्षता तेव्हा लहान होती, पण ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तिनं लिहिलं:

"ज्या घराची कडी फक्त बाहेरून लागते, त्याला घर म्हणत नाहीत. ती कडी काढा, आम्हाला जाऊ द्या. मग बघा, दार सताड उघडं असूनसुद्धा आम्ही आतच बसलेले असू."

त्याला जोड म्हणून तिनं स्कॉटलंड घातलं. तिथल्या लोकांना वेगळं व्हायचं का म्हणून मतदानानं विचारलं आणि लोक राहिले. विचारलं म्हणून राहिले, असं तिनं लिहिलं.

नसरीननं अक्षतासाठी लिहिलेलं भाषण त्याहून लहान होतं. तिनं लिहिलं होतं, की एखादा प्रांत फुटून निघतो तेव्हा त्या प्रांतातल्या थोड्या माणसांना कुणी विचारत नाही. मोठं घर फुटतं आणि लहान घरं चेंगरतात. कुणी म्हणतं, जायचा हक्क द्या. मी म्हणते, द्यायचाच तर न जायचा हक्क द्या. आणि शेवट असा, की संघराज्य म्हणजे नकाशावरची रेघ नव्हे, संघराज्य म्हणजे खात्री. इथं तिनं पेन्सिलीनं एक आडवी रेघ ओढून ठेवली होती, म्हणजे थांब. आणि मग, इथून कुणालाही जावं लागणार नाही, याची खात्री.

अक्षताला ती रेघ फार आवडली नाही. थांबलं की तिला भीती वाटायची, परत तोंड बंद पडेल की काय.

सराव दुकानाच्या ओट्यावर चालायचा. चाचांची मशीन थांबेल तेव्हा बोलायचं, चालू झाली की गप्प. नसरीन कडीच्या ओळीवर आली आणि कमरुबाबांच्या हातातली सुई थांबली. त्यांनी परत म्हणायला लावलं. नसरीननं परत म्हटलं. 

"बेटी, ये बाजू अपनी नै," ते म्हणाले. "दुसरी ले लेव."

 उत्तर दिलं ते अक्षतानं. तिनं बाबांना समजावून दिलं, की ही खरी बाजू नसते, वाटून घेतलेली असते, कबड्डीत नाही का अर्धी पोरं इकडं अर्धी तिकडं. तिनं त्यांना स्कॉटलंडपण सांगितलं. बाबांनी मन लावून ऐकलं.

"पूछे उनको? अच्छा करे," ते म्हणाले. मग सुई परत कापडात घालत जणू सुईलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "हमारे अब्बा को तो उस साल किसी ने कुछ नै पूछा."

ते साल म्हणजे निजामाचं राज्य गेलं ते. आधी रझाकारांनी गावं छळली, आणि राज्य गेल्यावर त्याचं उट्टं ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांच्यावर निघालं. बाबांचे वडील बाजरीच्या रानात लपून राहिले. परत आले तेव्हा गल्लीतल्या काही घरांची दारं उघडी होती आणि आत माणूस नव्हतं. ह्याच्यापुढं बाबा कधी सांगत नसत. सतरा सप्टेंबरला मात्र ते गावात सगळ्यांच्या आधी धुतलेला शर्ट घालून झेंड्याला हजर असायचे, सगळ्यात मागं उभे राहायचे आणि सगळ्यात शेवटी निघायचे. अक्षतानं हे किती वेळा बघितलं होतं. पण बघणं वेगळं आणि कळणं वेगळं. तिला वाटलं, म्हातारं माणूस, घाबरतंय.

स्पर्धा झाली. काय झाली म्हणून सांगावं! नसरीन कडीच्या ओळीवर आली तेव्हा जालन्याचं ते एवढं मोठं सभागृह असं चिडीचूप झालं, की पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. अक्षता खाली बसून स्वतःची मांडी चिमटत होती. ते वाक्य तिचं होतं आणि तिला स्वतःला ते तसं म्हणता आलं नसतं. मग अक्षता उभी राहिली. खात्री शब्दावर ती थांबली, आयुष्यात पहिल्यांदा घाबरून नाही तर मुद्दाम थांबली, आणि सगळं सभागृह तिच्याबरोबर थांबलं. अक्षता पहिली आली, नसरीन दुसरी. ढाल शाळेला. परतीच्या बसमध्ये दोघी ढाल मांडीवर घेऊन बसल्या, अर्धी हिच्या मांडीवर, अर्धी तिच्या, आणि अदलाबदल केलेली भाषणं एकमेकींना परत म्हणून दाखवत हसून हसून बेजार झाल्या. कल्याण सर पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते.

कुणीतरी सभागृहात फोन धरला होता. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यातला एवढासा तुकडा गावच्या ग्रुपवर आला. तुकड्यात नसरीन होती, डोक्यावर पांढरी ओढणी, मागं मुक्तिसंग्राम दिनाचा फलक, आणि "ती कडी काढा, आम्हाला जाऊ द्या" एवढंच. दार सताड उघडं असूनही आतच बसणारी माणसं कापून टाकलेली. स्पर्धा कापलेली, विषय कापलेला, अक्षता तर होतीच कुठं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, हिला कुठं जायचंय ते विचारा, सोडून येऊ.

पहिल्या दिवशी अक्षता हसली. दुसऱ्या दिवशी ती ग्रुपवर सगळ्यांना समजावत बसली, लांबच लांब लिहून. कुणी वाचलं नाही. कुणीतरी तिला हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मग दुकानात माणसं यायला लागली. भांडायला कुणी आलं नाही, हेच वाईट. बायका यायच्या, म्हणायच्या, चाचा, ते ब्लाऊजचं कापड राहू द्या, आता घाई न्हाई. चाचा न कापलेलं कापड घडी करून द्यायचे. कुणी पडद्याचं कापड नेलं, कुणी पोराच्या पँटचं. रोज फळीवरची एक घडी कमी व्हायची आणि मागची भिंत थोडी जास्त दिसायची. शाळेनं पुढचे गणवेश बाहेरून घ्यायचं ठरवलं, तेही गाजावाजा न करता.

शाळेच्या समितीवर सर्जेराव होते. माणूस तोंडाचा गोड. ते मुख्याध्यापकांकडं आले, चहा घेतला, म्हणाले, लेकरू आहे, आपलंच आहे, पण गावाच्या भावना आहेत. परिपाठाला झेंड्यासमोर माफी मागून टाकू दे, विषय मिटला. नसरीनला बोलावलं. अक्षता न बोलावता तिच्याबरोबर गेली.

"सर, माफी कशाची मागायची?" नसरीननं विचारलं. "भाषणाची का विषयाची?"

"कशाची ते महत्त्वाचं न्हाई," मुख्याध्यापक म्हणाले. "मागितली, हे दिसलं पाहिजे."

अबुबकरचाचांनी हे ऐकल्या ऐकल्या होकार दिला. हात जोडूनच दिला. नसरीननं परिपाठाला माफी मागितली, तिच्या त्याच धुतलेल्या मराठीत, प्रत्येक शब्द नीट. अक्षता मुलींच्या रांगेत उभी होती. तिचं तोंड, जे एसटीच्या दारातसुद्धा बंद होत नव्हतं, ते बंद होतं. ती स्वतःला सांगत होती, की आता मध्ये बोलले तर हिला परत पहिल्यापासून म्हणावं लागेल. माफीचाही कुणीतरी फोन धरला. संध्याकाळी तोही तुकडा ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, बघा, चूक कबूल केली.

त्या दिवशी अक्षता जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती एकटी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली आणि सांगून मोकळी झाली, की ते भाषण नसरीनचं नाही, माझं आहे. तिनं माझं लिहिलंय. देशाचं ऐक्य, ती खात्री, ज्याच्यावर तुम्ही मला हार घातला, ते सगळं नसरीननं लिहिलंय. हे गावाला सांगा, म्हणजे मिटलं.

मुख्याध्यापकांनी दार लोटून घेतलं. भाषण स्वतः लिहिलेलं पाहिजे, असा स्पर्धेचा नियम आहे, हे तिला माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. ढाल परत जाईल. पेपरात बातमी येईल ती वेगळीच. कल्याण सरांवर चौकशी बसेल. एवढं करून नसरीनचं काय होणार? अक्षता म्हणाली, लोकांना कळेल. ते तिच्याकडं कीव आल्यासारखे बघत राहिले.

"बाळ, लोकांना कळत न्हाई म्हणून हे होऊन राह्यलं, असं वाटतं का तुला?"

वाटत होतं. तिला तसंच वाटत होतं. नववीपासून तिचा सगळा विश्वास ह्याच एका गोष्टीवर उभा होता, की नीट बोललं की माणसाला कळतं. म्हणून घरी आल्यावर तिनं फोन खिडकीत टेकवून उभा केला, केस सारखे केले आणि सगळं बोलली. पहिल्यापासून. रीत काय असते, कुणी कुणाचं लिहिलं, कडी कुठून आली. ओळही पूर्ण म्हणून दाखवली, कापलेल्या तुकड्यासकट. आत्याचं नाव घेतलं नाही, पण आत्या दारात उभी राहून ऐकत होती. ऐकून आत निघून गेली. अक्षतानं व्हिडिओ ग्रुपवर टाकला.

तिला शिव्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यासाठी ती तयार होती, उत्तरंसुद्धा पाठ होती. आल्या त्या टाळ्या. पोरगी काय दणदणीत बोलते. कुणाची हो ही, आपल्या तातेरावची का? तेच वाक्य, तोच शब्द, आम्हाला जाऊ द्या, आणि हिला कुठं सोडून येऊ असं एकानंही विचारलं नाही. आणि ह्यात सगळ्यात घाण गोष्ट अशी, की टाळ्यांचे ते हात बघून तिला क्षणभर बरं वाटलं. तिनं फोन पालथा ठेवला.

सकाळपर्यंत गावानं त्याचा अर्थ लावून टाकला होता. पोरगी भोळी. मैत्रीच्या नादानं तिच्याकडून असलं लिहून घेतलं, आणि आता अंगाशी आलं तर तिलाच पुढं केलं. त्यांचं डोकं असंच चालतं. अक्षतानं नसरीनला वाचवायला जे सांगितलं होतं, त्यानं तिच्यावर आणखी एक गुन्हा चढला.

सर्जेराव घरी आले. तातेरावांशी गोडच बोलले. तुमच्या पोरीचं नाव कुठं येणार न्हाई, ते माझ्याकडं लागलं. फक्त तेवढं काढून टाकायला सांगा. आणि मग जाता जाता विचारलं, पाण्याची चावी अजून तुमच्याकडंच ना?

तातेराव अक्षताला रागावले नाहीत. त्यांनी तिच्यासमोर बसून फोन पुढं केला.

"आपली घरंबी गावात मोजकीच हायेत, माय," ते म्हणाले. "तुला वाटतं ते टाळ्या वाजवून राह्यलेत. ते आपल्याला मोजून राह्यलेत."

तिनं व्हिडिओ काढून टाकला. काढायला तिला एक बोट पुरलं, आणि ह्याचं तिला नंतर कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

अबुबकरचाचांनी दुकान उचलायचं ठरवलं. भोकरदनला नसरीनच्या मामूंचं घर होतं, तिथं एक खोली मिळत होती. नसरीनची शाळा? बघू, असं चाचा म्हणाले. दहावीच्या मध्यात कुठली शाळा घेते? सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते, असं कुणीतरी सांगितलं होतं. बघू. ह्या "बघू"चा अर्थ त्या ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना कळत होता, मशीनलासुद्धा.

जायच्या आदल्या दिवशी कमरुबाबा घरोघरी फिरले. ज्यांनी कापड परत नेलं नव्हतं, त्यांचं शिवून झालेलं द्यायला. दैवशालाआत्याचं ब्लाऊज घेऊन आले तेव्हा आत्यानं उलटून पालटून बघितलं. सगळी काजं घट्ट, एकही धागा बाहेर नाही. दुसऱ्या गावाला निघालेल्या माणसानं इतकं नीट कशाला करावं? आत्यानं बाबांना आत बोलावलं. ते दारातच उभे राहिले. अक्षतानं वाकून त्यांचे पाय धरले. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, खूप शिक. स्पर्धेतल्या बाजूचं काही बोलले नाहीत. बोलले असते तर तिला हलकं वाटलं असतं.

सकाळी टेम्पोत मशीन चढली, सतरंजी चढली, पातेली चढली. नसरीन मागं सामानापाशी उभी होती. अक्षतानं तिला सांगून बघितलं, की जाऊ नको, आमच्याकडं राहा, दहावी होईपर्यंत. आत्या आहे, मी आहे. पप्पांना मी सांगते. बोलता बोलता तिला स्वतःलाच ऐकू आलं, की आपण सभागृहात बोलल्यासारखं बोलतोय.

नसरीननं ते संपू दिलं.

"तुमच्या समारंभाला तुला भाषण म्हणायला लावणारेत ना?" तिनं विचारलं.

ढाल मिळाल्याबद्दल शाळेत सत्कार होता. अक्षता म्हणाली, मी म्हणणार न्हाई. मरून जाईन पण म्हणणार न्हाई.

"म्हण," नसरीन म्हणाली. "माझंय ते. मी खरंच तसं समजून लिहिलं होतं." आणि ती थांबली, तिच्या सवयीनं. "खात्रीवर थांबत जा. तू घाई करती."

टेम्पो गेला. दुकानाच्या दाराला बाहेरून कडी, कडीत कुलूप. अक्षता त्याच्याकडं बघत उभी राहिली. तिला आपल्याच ओळीचा इतका राग आला, की तिनं जाऊन कुलूप एकदा हिसडून बघितलं. ते चांगलं बसलेलं होतं.

समारंभाला मांडव होता, भोंगा होता, सर्जेराव पहिल्या रांगेत होते. ढालीवर दोघींची नावं कोरलेली होती. कुणीतरी ढाल टेबलावर अशी ठेवली होती, की समोरून एकच नाव दिसावं, किंवा ती आपोआप तशी ठेवली गेली असेल. कल्याण सर कडेला उभे होते, चष्मा पुसत. बायकांमध्ये दैवशालाआत्या नवीन ब्लाऊज घालून बसली होती.

अक्षताला आशा होती, की आवाज फुटणार नाही. आठवीतल्यासारखं तोंड बंद पडेल, आणि मग सगळ्यांना कळेल. पण आवाज तिला विचारायला थांबला नाही. पहिल्या शब्दापासून तो खणखणीत निघाला, वेशीपर्यंत जाऊन परत आला. बाबासाहेबांचं वाक्य आलं, चेंगरणारी लहान घरं आली, न जायचा हक्क आला. प्रत्येक ठिकाणी तिचा हात बरोबर उठत होता. तिला वाटत होतं, आपण खाली रांगेत बसलोय आणि वर कुणीतरी दुसरीच बोलून राह्यलीय, आणि फार छान बोलून राह्यलीय.

"संघराज्य म्हणजे नकाशावरची रेघ नव्हे," ती म्हणाली. "संघराज्य म्हणजे खात्री."

आणि ती थांबली. सांगितलं होतं तशी, घाई न करता.

त्या थांबण्यात टाळ्या पडल्या. सर्जेरावांनी सुरू केल्या आणि मांडव उचलला गेला. लोकांना वाटलं, संपलं. अक्षता माईकपुढं तशीच उभी. इथून कुणालाही जावं लागणार नाही, हे पुढचं वाक्य तिच्या जिभेवर होतं. तिनं वाट बघितली, टाळ्या ओसरल्या की म्हणू. पण त्या ओसरायच्या आत सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी पुढच्या पाहुण्यांचं नाव घेतलं, आणि कुणीतरी माईक उचलून पाहुण्यांच्या उंचीला लावला.

गर्दीत एकटी आत्या टाळी न वाजवता बसली होती. घरी सरावात तिनं ते भाषण इतक्यांदा ऐकलं होतं, की ती अजून वाट बघत होती.

परत जाताना दोघी वेशीवरून आल्या. दुकानाच्या ओट्यावर कुणाचं तरी कुत्रं झोपलं होतं.

"शेवटचं राहिलं की गं," आत्या म्हणाली.

"हां," अक्षता म्हणाली. "कुणी थांबलंच न्हाई."

 त्यावर अक्षता बोलली नाही, घर येईपर्यंत नाही, आणि घर आल्यावरही नाही.